फोन स्वस्त झाला, पण कुणासाठी?

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या आणि बचतगटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. प्रश्नोत्तरांतला काही भाग मजकुरात घेतला आहे.)

आजचा विषय कळवला तेव्हा एका ताईंनी निरोप पाठवला, "रिचार्जवर कसलं भाषण? ते तर दुकानदार सांगतो की." ताईंचं खरं आहे. दुकानदार सांगतो, पण त्याला ज्यात कमिशन आहे तेच सांगतो. आणि फोन कुणाच्या हातात राहील, त्यावर एकटीनं कोण बोलेल, रिचार्ज संपल्यावर आधी कुणाचा नंबर बंद पडेल, हे तर तो सांगतच नाही. ते घरात ठरतं. म्हणून आज दोन्ही बोलायचं. पैशांचंही आणि घराचंही.

पेणचे गणपती परदेशात जातात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती बोटीवर चढतात त्याची वर्तमानपत्रात बातमी येते. आपल्या जिल्ह्यातून माणसंही जातात, त्याची बातमी येत नाही. रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातल्या घराघरांत कुणी ना कुणी आखातात आहे. आधी बोटीवरचे खलाशी होते. १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्या, आखातात बांधकामं निघाली आणि गावंच्या गावं दुबई, मस्कत, कुवेत, सौदीची नावं शिकली. पहिल्यांदा गेले ते बहुतेक कोकणी मुसलमान घरांतले. मग धाटावच्या कारखान्यांत हात बसलेले फिटर आणि वेल्डरही निघाले, आगरी, कुणबी, मराठा, सगळे. बायका मागे राहिल्या. शेत, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा, घराचं बांधकाम, सगळं त्यांनी ओढलं. त्यांना 'दुबईवाल्याची बायको' म्हणायचं आणि वर 'तिला काय कमी आहे' असंही म्हणायचं, ही आपल्याकडची रीत.

जुन्या बायांशी बोलले तर त्या आधी पत्राबद्दल सांगतात. पत्र यायला पंधरा दिवस, उत्तर जायला पंधरा दिवस. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. आता दीर किंवा शेजारचा मुलगा लिहायला बसला, तर बाई त्यात काय सांगणार? "इकडे सर्व खुशाल आहे." बस. काही घरांत टेपरेकॉर्डरची कॅसेट भरून सुटीवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवायचे. एका मावशींनी मला सांगितलं, "कॅसेटीत सगळे बोलले, सासू, सासरे, पोरं, शेजारीण. माझा नंबर आला तेव्हा बाजू संपली." त्या हसून सांगतात, पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही.

मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात ते गावोगाव पोचले. आपल्यासारख्यांनी त्याचं स्वागतच केलं पाहिजे, कारण बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं आणि कित्येक बायकांनीही त्यावर संसार चालवला. पण तिथून परदेशी बोलणं म्हणजे एका मिनिटाला बाईची दिवसभराची मजुरी. परदेशी फोनाचा मक्ता तेव्हा एकट्या विदेश संचार निगमकडे होता, तो २००२ च्या १ एप्रिलला संपला. रात्री दर उतरायचा म्हणून रांग रात्रीची लागायची. रात्री दहानंतर बाईनं रस्त्यावर जाऊन रांगेत उभं राहायचं का, यावर घरात वाद. काचेच्या खोक्यात उभं राहून नवऱ्याशी काय बोलायचं, बाहेर निम्मं गाव उभं. समोर लाल आकडे पळतायत, त्याकडे डोळा. ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांचा 'पी.पी.' नंबर असायचा. लग्नपत्रिकेवरसुद्धा छापलेला असायचा, आठवतंय ना? शेजाऱ्यांकडे फोन यायचा, पोरगं धावत सांगायला यायचं, बाई ओल्या हातानं पळायची आणि शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलायची.

मोबाइल आपल्या देशात १९९५ मध्ये आला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि तेव्हापासून मिस्ड कॉलची भाषा सुरू झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवले, तीन म्हणजे उचल. ही भाषा कुठल्या कंपनीनं शिकवली नाही, गरिबांनी आपली आपण काढली.

आता व्हॉट्सअ‍ॅप आलं. २०१५ पासून त्यावर बोलता येतं आणि २०१६ च्या शेवटापासून तोंडही दिसतं. त्याच वर्षी जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. लोक म्हणतात, आता काय, फुकटच झालं सगळं! इथे जरा थांबूया.

पहिली गोष्ट, सगळीकडे ते लागत नाही. दुबई, अबुधाबी, शारजा ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहेत तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, फोटो जातो, पण त्यावरचे फोन सरकारनं अडवलेले आहेत. ओमान आणि कतारमध्येही अशीच अडवणूक राहिली आहे. सौदीनं २०१७ च्या सप्टेंबरात इंटरनेटवरच्या फोनांवरची सरसकट बंदी उठवली, तरी कुठलं अ‍ॅप चालेल आणि कुठलं नाही याचा गोंधळ पुढे बरीच वर्षं होता. कारण साधं आहे. परवाना असलेल्या टेलिफोन कंपन्यांचं उत्पन्न बुडू नये. म्हणजे छावणीत एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या मजुरानं घरी बोलायचे पैसे त्या कंपन्यांना द्यावेत. अमिरातीत सरकारनं परवानगी दिलेली काही अ‍ॅप्स आहेत, त्यात बोटिम आणि गोचॅट आपल्याकडच्या माणसांना माहीत आहेत. २०१८ च्या सुमारास अशी अ‍ॅप्स वापरायला तिथल्या कंपन्या महिन्याला पन्नास दिरहॅम वेगळे घेत. आता तेच अ‍ॅप फुकट चालतं की पैसे पडतात, हे त्यानं तिथल्या दुकानात विचारून तुम्हाला कळवावं. तो बोटिमवर असेल तर तुमच्याही फोनवर बोटिम हवं, हे लक्षात ठेवा. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, असं चालत नाही.

इथे कुणीतरी भाचा किंवा पुतण्या म्हणतो, "काकू, व्हीपीएन टाका, सगळं चालतं." मैत्रिणींनो, हे फार जपून. व्हीपीएन म्हणजे आपण कुठून बोलतो ते लपवण्याची सोय. अमिरातीत कंपन्या, बँका ते कामासाठी वापरतात, त्याला हरकत नाही. पण गुन्हा करायला किंवा लपवायला ते वापरलं तर २०२१ च्या तिथल्या सायबर कायद्यात पाच लाख ते वीस लाख दिरहॅमपर्यंत दंड आणि तुरुंग, अशी तरतूद आहे. अडवलेली सेवा चोरून वापरणं यात कसं मोजतील, ते इथे बसून आपण सांगू शकत नाही. ज्याचा महिन्याचा पगार हजार-पंधराशे दिरहॅम आहे त्यानं हा जुगार आपल्या हट्टापायी खेळू नये. फुकटची व्हीपीएन अ‍ॅप्स फोनमधली माहितीही चोरतात, हे वेगळंच.

दुसरी गोष्ट, साधा फोन. आपल्याला वाटतं दुबई जवळ, अमेरिका लांब, म्हणून दुबईचा फोन स्वस्त असेल. उलट आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात जिओनं देशवार छोटे पॅक आणले, त्यात अमेरिका-कॅनडाला ३९ रुपयांत ३० मिनिटं होती आणि अमिराती, सौदी, कुवेत, बहरीनला ९९ रुपयांत १० मिनिटं. अंतराचा इथे संबंध नाही. समोरच्या देशातली कंपनी तो फोन आपल्या जाळ्यात घ्यायचे जे पैसे मागते त्यावर दर ठरतो, आणि आखातातल्या कंपन्या भरपूर मागतात. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या फोनासाठी 'ट्राय'नं २०२० मध्ये मिनिटाला ३५ ते ६५ पैसे अशी मर्यादा घातली. म्हणून तिकडून इकडे फोन करणं त्या मानाने स्वस्त पडू शकतं. तिथल्या कंपन्यांचे खास भारतासाठी मिनिटांचे पॅक असतात. तेव्हा हिशोब असा: तुम्ही तिकडे फोन लावू नका, त्यानं पॅक घेऊन इकडे लावावा. तुम्हाला गरज पडली तर मिस्ड कॉल. जुनी भाषा अजून विसरायची नाही! आणि अगदीच इकडून लावायची वेळ आली तर आधी पॅक घ्या, मग लावा. बिनपॅकचा दर त्याहून चढा असतो.

आता आपल्या बाजूचं रिचार्ज. २०२४ च्या जुलैत सगळ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आपल्या बचतगटात काय झालं ते आठवा. घरातले तीन फोन होते त्यातला एक बंद झाला. कुणाचा बंद झाला? ज्या ज्या बायांना मी विचारलं त्यांतल्या बहुतेकींनी एकच उत्तर दिलं: "माझाच. ह्यांना कामाला लागतो, मुलाला अभ्यासाला लागतो." देशभरातल्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या ५४ बायकांनीच सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. बाकीच्या दुसऱ्याचा फोन मागून घेतात. हा आकडा दर वाढण्याच्या आधीचा आहे.

२०२४ च्या डिसेंबरात 'ट्राय'नं कंपन्यांना सांगितलं की इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असा वेगळा पॅक ठेवा. ही मागणी आपल्यासारख्यांचीच होती. बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीनं रोजचं दीड जीबी इंटरनेट का विकत घ्यावं? २०२५ च्या जानेवारीत असे पॅक आले. तेव्हा ८४ दिवसांना जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९ रुपयांना होता, एअरटेलचा वर्षाचा १,८४९ ला. दर पुढेमागे होतात, पण पॅक मागायचा कसा ते शिका. दुकानात जाऊन "फक्त बोलायचा, नेटशिवायचा" असं म्हणा. तो म्हणेल, "असा नसतो." असतो. पुन्हा म्हणा. आपल्या रोह्याच्या एका गटातल्या चौघीजणी मिळून गेल्या तेव्हा मिळाला, एकटी गेली होती तेव्हा नव्हता.

आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना! त्याचा अर्थ वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. मजुरी आपल्याला महिन्याच्या हिशोबानं मिळते, रिचार्ज मात्र चंद्राच्या हिशोबानं संपतो. २०२२ च्या जानेवारीत 'ट्राय'नं प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक पुऱ्या तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायला लावला आहे. तोही दुकानात दिसत नाही, मागावा लागतो.

ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं आहे त्यांच्यासाठी एक साधं गणित सांगते. नुसत्या आवाजाच्या फोनाला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी इंटरनेट लागतं, तोंड दिसणाऱ्या फोनाला त्याच्या पाच-दहा पट. रोज दहा मिनिटं नुसतं बोललात तर महिन्याला तीनशे एमबीच्या आत भागतं. म्हणजे रोज दीड जीबीचा पॅक त्यासाठी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'कॉलसाठी कमी डेटा वापरा' अशी सोय आहे, ती चालू करा. आणि बोलून पाठवायचा निरोप, तुम्ही त्याला व्हॉइस म्हणता, तो तर आणखी स्वस्त. डोंगरातल्या वाड्यांवर जिथे रेंज येते-जाते तिथे फोन मधेच तुटतो, निरोप मात्र रेंज आली की पोचतो. कॅसेटीचीच गोष्ट पुन्हा आली, फक्त आता बाजू संपत नाही.

पण हा सगळा हिशोब बाईच्या हातात फोन असेल तर. रोह्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही सांगणार नाही. लग्नाला चार वर्षं, नवरा सौदीत. घरात एकच मोठा फोन, तो सासऱ्यांकडे. रोज रात्री नऊला फोन येतो, स्पीकर लावला जातो. सगळे बोलतात. सुनेच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं, तीही स्पीकरवरच. ती गटात म्हणाली, "मला पाळी येत नाही तीन महिने, डॉक्टरकडे जायचंय, पैसे लागतील, हे मी सासऱ्यांसमोर कसं सांगू?" नवरा वाईट नव्हता. त्याला तिथे वाटत होतं, बायको रोज बोलते, सगळं ठीक आहे.

गटानं काय केलं? भांडण नाही केलं. तिच्या आईनं बटणाचा फोन दिला, सिम तिच्या नावावर घेतलं. नवऱ्याला एवढंच सांगितलं की जुम्म्याच्या सुटीच्या दिवशी दुपारी तू या नंबरवर साधा फोन कर. ज्या घरांत हेही चालत नाही तिथे बैठकीच्या दिवशी, बैठकीच्या जागी, दुसरीच्या फोनवर. हे सगळं लपूनछपून करायला लागतं हीच मुळात चीड आणणारी गोष्ट आहे, लग्नाच्या बायकोनं नवऱ्याशी बोलायला चोरी! पण ती आधी डॉक्टरकडे पोचली पाहिजे. तत्त्वाचं भांडण त्यानंतरही करता येतं.

याची उलटी बाजूही आहे. बाईच्या हातात मोठा फोन आला की तो तिच्या गळ्यात दोर म्हणूनही येतो. पेणजवळच्या एका बाईला नवरा दिवसातून सहा-सात वेळा व्हिडिओ लावतो. "घर दाखव. स्वयंपाकघर दाखव. बाहेर कोण बोलतंय?" बाजारात गेली तर मागची दुकानं दाखवावी लागतात. उचलला नाही तर महिन्याचे पैसे उशिरा. पूर्वी एका मिनिटाचे भरमसाट पैसे पडत तेव्हा संशयालाही खर्च होता, आता संशय फुकट झालाय. लोक म्हणतात, "किती प्रेम आहे, सारखा फोन करतो." कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही आहे. पैसे रोखून धरणं त्यात येतं. नवरा परदेशात असला तरी बाई आपण राहतो तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, संरक्षण अधिकारी तालुक्याला असतो. हे प्रत्येकीनं करावं असं मी म्हणत नाही. पण "फोनच तर करतो" म्हणून कुणी तिला गप्प केलं तर निदान आपण तिच्या बाजूनं बोलू शकतो.

फोनवरून संसार मोडल्याचीही उदाहरणं या पट्ट्यात आहेत. तीनदा तलाक लिहून पाठवला की झालं, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्यानं तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक, कुठल्याही मार्गानं दिलेला असा तलाक बेकायदा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि बाईला व मुलांना निर्वाहभत्ता मागता येतो. त्या कायद्यातल्या शिक्षेबद्दल चळवळीत मतभेद आहेत आणि नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा प्रश्न मलाही पडतो. पण हे एकाच समाजाचं दुखणं समजू नका. आगरी, कुणबी घरांतल्याही बाया माझ्याकडे आल्यात, ज्यांना नवऱ्यानं नुसतं ब्लॉक केलं. तलाक नाही, घटस्फोट नाही, नंबरच लागत नाही. त्यांच्यासाठी वेगळा कायदा नाही, पण पोटगी मागता येते. काहीही झालं तरी तो मेसेज पुसू नका, फोन विकू नका, रागानं आपटू नका. नव्या साक्ष अधिनियमात, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून असा पुरावा कोर्टात देता येतो. स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा, पण मूळ फोन सांभाळा.

सिमबद्दल दोन शब्द. सिम आपल्या नावावर असावं, आपल्या आधारवर. नवऱ्याच्या नावावरचं सिम तो तिकडून बंद करू शकतो आणि मग बँकेचे मेसेज, गॅसचा नंबर, पोराच्या शाळेचा ग्रुप, सगळं एका दिवसात जातं. उलट तुमच्या आधारवर दुसऱ्यांनी किती सिम घेतलीत हेही तपासा. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर ते कळतं, शिकलेल्या मुलीकडून पाहून घ्या. आणि नवरा तिकडे गेल्यावर त्याचं इथलं सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि तुमच्या बँकेचा ओटीपी त्या दुसऱ्याकडे जातो. पेणकरांना बँकेतले पैसे अडकणं म्हणजे काय ते २०१० पासून वेगळं सांगायला नको. निदान आपल्या चुकीनं तरी ते जाऊ नयेत.

परदेशी नंबरवरून येणाऱ्या मिस्ड कॉलला उलट फोन करू नका. आपल्या माणसाच्या देशाचा आकडा पाठ करा: अमिराती ९७१, सौदी ९६६, ओमान ९६८, कतार ९७४, कुवेत ९६५, बहरीन ९७३. दुसरा आकडा दिसला की सोडून द्या. "तुमचा नवरा पोलिसांनी पकडलाय, लगेच पैसे पाठवा" असा फोन आला तर आधी त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाला फोन करा. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच कळवा, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

खोलीतल्या दुसऱ्या माणसाचा नंबर, हे मी मुद्दाम म्हणाले. एक वही करा. त्यात त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, तिथल्या ओळखपत्राचा नंबर, कंपनीचं नाव, मालकाचं नाव, छावणीचा पत्ता, दोन सोबत्यांचे नंबर आणि एजंटचं नाव. फोनमध्ये ठेवू नका, फोन पाण्यात पडतो. कागदावर ठेवा. माणूस आजारी पडला, अपघात झाला, पगार मिळेना झाला, तर वकिलातीला पहिल्यांदा हेच लागतं. सरकारचा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फोन आहे, १८००-११-३०९०, भारतातून फुकट लागतो. परराष्ट्र खात्याचं 'मदद' नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. तो नंबर त्याच वहीत.

आणि आता ज्या बायका स्वतः गेल्या त्यांच्याबद्दल. घरकामाला, म्हाताऱ्यांची सेवा करायला कुवेत, मस्कतला गेलेल्या बाया आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्या मोजल्या जात नाहीत, कारण बऱ्याचजणी फिरायच्या व्हिसावर जातात. दहावी न झालेल्यांना आखातासह अठरा देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते आणि तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ती मिळत नाही. २०१६ पासून अशा बायकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. नियम संरक्षणासाठी केला, पण वाट बंद झाली की बाई आडवाटेनं जाते आणि आडवाटेवर तिच्या पाठीशी कुणी नसतं. तिथे पोचल्यावर मालकीण पहिल्यांदा फोन काढून घेते. एका बाईचा घरी दर रविवारी फोन यायचा, तो चार महिने आलाच नाही. पोरांना वाटलं, आई विसरली. खरं तर तिला आठवड्यातून एकदा मालकिणीसमोर, हिंदीतच बोलायची परवानगी होती, मराठीत नाही, आणि एकदा ती मराठीत रडली म्हणून तेही बंद. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार आहे, त्यात पासपोर्ट आणि कागदपत्रं कामगाराच्याच ताब्यात राहावीत असं म्हटलं आहे. भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही. जाणाऱ्या बाईला अडवू नका, ती पोटासाठी जाते. तिला एवढं शिकवा: दोन नंबर तोंडपाठ कर, घरचा आणि तिथल्या वकिलातीचा. आणि घरच्यांशी एक शब्द ठरवून ठेव. "आंब्याला मोहोर आला का?" असं तिनं विचारलं की समजायचं, ती अडचणीत आहे.

एका ताईनं मघाशी विचारलं, आमच्या वाडीतल्या कातकरी बायांचं काय, त्या कुठे दुबईला जातात? बरोबर आहे. त्या दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला येतात. अंतर शंभर-दीडशे किलोमीटरचं, पण पोरं आश्रमशाळेत, म्हातारी वाडीवर, आणि फोन एकच, भट्टीवाल्या शेठचा. उचल घेतलेली असते, म्हणून शेठ फोन द्यायलाही मिनतवाऱ्या करायला लावतो. आश्रमशाळेतली मुलगी तापानं फणफणली तर आईला कळायला तीन दिवस लागतात. यासाठी कुठली हेल्पलाइन नाही. नेटशिवायचा पॅक आणि बटणाचा एक फोन तीन-चार कुटुंबांत मिळून घेतला तर महिन्याला माणशी पन्नास रुपयेही येत नाहीत. पेणच्या दोन वाड्यांनी यंदा तसं करायचं ठरवलंय. नंबर आश्रमशाळेच्या दारावर लिहून ठेवायचा आणि फोन बाईकडेच राहायचा, असं त्यांनीच ठरवलं. पुरुषाकडे राहिला तर तो गाण्यांतच संपतो, असं एक आजी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

आता वेळ झाली. वहीचे कोरे कागद मागच्या बाजूला ठेवलेत, चहा घेता घेता प्रत्येकीनं निदान पहिले तीन नंबर लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी लिहिता येणारीनं बसायचं, आणि ती काय सांगते ते मनातच ठेवायचं.